दस्तुरी

सोलापूरहून सकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोमवारी पुण्याला निघालेल्या प्रवाशांत विशी-बाविशीच्या मुलामुलींचा भरणा मोठा असतो. मांडीवर प्लॅस्टिकचे पाकीट, पाकिटात गुणपत्रिका, दाखले, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि परिचयपत्राच्या प्रती. २००१ साली सुरू झालेल्या या गाडीला नाव मिळाले ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांच्या स्मरणार्थ. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. गाडीतल्या मुलांना हा इतिहास शाळेत शिकविलेला असतो. पण त्यांच्या पाकिटात दाखल्यांच्या मागे एक चिठ्ठीही असते. तिच्यावर पुण्यातल्या एखाद्या इमारतीचा पत्ता, मजला, भेटावयाच्या माणसाचे नाव आणि खाली एक रक्कम लिहिलेली असते. त्या चिठ्ठीचाही एक इतिहास आहे. तो कोणी शिकविलेला नसतो, आणि आम्ही येथे मांडू पाहतो आहोत तो तोच.

शिक्षण संपविलेला तरुण आणि काम देणारा मालक यांच्यामध्ये कोण उभे असते? आज त्या जागेला प्लेसमेंट, कन्सल्टन्सी, मॅनपॉवर अशी नावे आहेत. नावे नवी असल्यामुळे ही वस्तूही नवी आहे, असा आपला समज होतो. सोलापूरसारख्या गावाने तरी असा समज करून घेऊ नये. कारण या गावाची घडणच मुळी मधल्या माणसाच्या हाताने झालेली आहे.

मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी १८७७ साली उभी राहिली. हिलाच पुढे गावाने ‘जुनी गिरणी’ म्हटले. साल लक्षात घेण्याजोगे आहे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ, आणि सोलापूर जिल्हा त्या दुष्काळाच्या अगदी तोंडी सापडलेला. शेत करपलेले, जनावरे मेलेली, आणि अशा वेळी गावाच्या कडेला एक धुराडे उभे राहते आहे. माणसे चालत आली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर, कर्नाटकाच्या सीमेवरून कानडी बोलणारी कुटुंबे, मराठवाड्यातून मराठी कुटुंबे असा लोंढा वाहू लागला. १८६० साली येथवर पोहोचलेल्या रेल्वेने त्याआधीच काही घरे आणली होती. आपल्या ख्रिस्ती समाजातील काही घराणीही रेल्वेच्या नोकरीमागून या बाजूला आली.

फाटकाशी आलेल्या माणसाला आत कोण घेणार? गिरणीचा मॅनेजर बहुधा इंग्रज किंवा पारशी, नाहीतर गुजराती. त्याला तेलुगू येत नसे, कानडी येत नसे, आणि खेड्यातली मराठी कळत नसे. म्हणून भरतीचे काम जॉबरकडे आले. जॉबर हा मूळचा कामगारच. खात्यातील यंत्रे चालू ठेवणे, माणसांवर देखरेख ठेवणे, रजा देणे, गैरहजर माणसाच्या जागी बदली भरणे आणि नवा माणूस लावणे ही सारी कामे त्याच्याकडे असत. स्त्रियांच्या खात्यांत, म्हणजे कांड्या भरण्याच्या व सूत गुंडाळण्याच्या विभागांत, हेच काम नाईकीण करी. नोकरी लागली की जॉबरला काही द्यावे लागे. पगाराच्या दिवशी पुन्हा द्यावे लागे. रजेवरून परतल्यावर जागा टिकवायची, तर त्यासाठीही द्यावे लागे. या देण्याला शब्द होता ‘दस्तुरी’. दस्तूर म्हणजे रीत. लाच म्हटले असते तर कोणाला तरी लाज वाटली असती. रीत म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या श्रमविषयक शाही आयोगाने आपला अहवाल १९३१ मध्ये सादर केला. हिंदुस्थानातील कारखान्यांत कामगार भरतीच्या वेळी चालणाऱ्या लाचखोरीवर त्याने स्पष्ट बोट ठेवले. भरती व बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी, कारखान्यांनी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत आणि त्यांनी नेमणुका स्वतः कराव्यात, अशी त्याची शिफारस होती. हे सर्व आज वाचताना पटते. तरीही जॉबरला केवळ खलनायक ठरविणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. जॉबर हा कामगाराचा सावकारही असे, जामीनदार असे, चाळीत खोली मिळवून देणारा असे. संपात तो कधी मालकाच्या बाजूला, तर कधी कामगारांच्या पुढे उभा राही. गावाकडून आलेल्या मुलाला पहिल्या रात्री भाकरी त्याच्याच घरी मिळे. दस्तुरी घेणाऱ्याला दस्तुरी देणाऱ्याचे नाव ठाऊक होते, त्याच्या बापाचे गाव ठाऊक होते, आणि माणूस फसला तर तोंड लपविण्याची सोय नव्हती, कारण दोघे एकाच गल्लीत राहात. हा मुद्दा वाचकांनी जरा मनात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

विद्यार्थी आणि नोकरी या विषयात जॉबर कोठे बसतो, असे कोणी विचारील. तो अगदी मध्यभागी बसतो. गिरणगावातला पहिला ‘नोकरी करणारा विद्यार्थी’ म्हणजे हाफ-टायमर, अर्धवेळ पोर. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ आणि कामाचे तास सात केले. १९११ साली कापड गिरण्यांत मुलांचे तास सहा झाले. १९२२ साली किमान वय बारावर गेले. कायद्याच्या भाषेत हे ‘मूल’, गिरणीच्या भाषेत ‘हाफ-टायमर’. दिवसाचा अर्धा भाग यंत्रापाशी आणि उरलेल्या अर्ध्यात जमले तर शाळा. मुलाचे वय ठरविण्याचा दाखला डॉक्टर देई. परंतु पोराला त्या डॉक्टरपुढे उभे करणारा, ‘हा नऊ वर्षांचा आहे’ असे सांगणारा माणूस जॉबर किंवा त्याचा हस्तक असे. शाळा आणि काम या दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहणारा मध्यस्थ या गावाला तेव्हापासून परिचित आहे.

याच काळात सोलापुरात भरतीची आणखी एक रीत चालू होती, आणि ती सांगताना लेखणी अडखळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ साली वाढविण्यात आली आणि मुंबई इलाख्यातील अनेक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात बसविण्यात आले. सोलापूरची वसाहत ही इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. तेथील स्त्रीपुरुष गिरण्यांत कामाला जात. हजेरी देऊन बाहेर पडत आणि हजेरी देऊन परत येत. काही काळ या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. त्या मिशनऱ्यांनी शाळा चालविल्या, दवाखाना चालविला, याबद्दल कृतज्ञता असावी. पण वसाहत ही गिरणीला मजूर पुरविणारी एक सरकारी एजन्सीही होती, हे सत्य त्या कृतज्ञतेखाली झाकता येत नाही. येथे दस्तुरी द्यावी लागत नव्हती, तिच्याऐवजी स्वातंत्र्य द्यावे लागत होते. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मिशनरी पंथ कोणताही असो, मजूर पुरवठ्याच्या यंत्रणेत धर्मकार्य गुंतले की काय होते, याचा हा धडा कॅथलिकांनीही आपलाच समजून वाचावयास हवा.

स्वातंत्र्यानंतर मधल्या माणसाला हटविण्याचा खरा प्रयत्न झाला, आणि त्यात सोलापूरचे नाव ठळक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना व युद्धकामगारांना काम मिळावे म्हणून केंद्र सरकारने सेवायोजन कार्यालये उघडली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी त्यांचा उपयोग झाला, आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. मुंबई सरकारने १९४९-५० च्या सुमारास मुंबई, अहमदाबाद व सोलापूर या तीन कापडनगरांत या कार्यालयांमार्फत बदली कामगारांची नोंदवही ठेवण्याची योजना आणली. गिरणीला माणूस हवा असेल, तर तिने फाटकावर गोळा झालेल्या गर्दीतून जॉबरच्या बोटाने तो निवडावयाचा नाही. सेवायोजन कार्यालयाकडे मागणी करावयाची, आणि कार्यालयाने नोंदीच्या क्रमाने माणूस पाठवावयाचा. योजना ऐच्छिक होती, आणि तिला पळवाटा होत्या. तरीही, काम मागणाऱ्याने कोणालाही काही न देता रांगेत उभे राहावे आणि त्याचा क्रमांक आल्यावर त्याला बोलावणे यावे, ही कल्पना गिरणगावाच्या दृष्टीने क्रांतिकारक होती.

नियतीचा खेळ असा की, ज्या वेळी ही नोंदवही उघडली जात होती त्याच वेळी जुनी गिरणी बंद पडली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये तिला टाळे लागले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. गैरव्यवस्थेमुळे आवश्यक मालाच्या उत्पादनाला धक्का बसला आहे आणि समाजाच्या एका भागात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, असे कारण त्या अध्यादेशातच दिलेले होते. एका भागधारकाने, चिरंजीतलाल चौधरी यांनी, या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायदा उचलून धरला. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला ‘समानतेच्या तत्त्वा’खाली अभ्यासतात. सोलापूरच्या दृष्टीने त्यात समानतेपेक्षा बेकारी हा शब्द महत्त्वाचा होता. नव्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायालयात जी पहिली काही मोठी प्रकरणे गेली, त्यांत आमच्या गावाच्या बेकारीचे एक होते!

पुढचा कालखंड सुशिक्षित बेकाराचा आहे. १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले, १९५३ साली संगमेश्वर, १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय. सोलापूरची महाविद्यालये १९४९ पासून पुणे विद्यापीठाला आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गिरणी कामगाराचा मुलगा आता फाटकाशी उभा राहण्यास तयार नव्हता. त्याला कारकुनी हवी होती, बँक हवी होती, शिक्षकाची जागा हवी होती. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्राला, आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असणाऱ्या खाजगी आस्थापनांना, रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे सक्तीचे केले. वाचकांनी शब्द नीट पाहावा. सक्ती कळविण्याची होती, तेथूनच माणूस घेण्याची नव्हती. या एका फटीतून अख्खी पिढी खाली पडली.

त्या काळातील सेवायोजनाचे कार्ड ज्यांनी हाताळले आहे त्यांना त्याचा पुठ्ठा, त्यावरचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाचे शिक्के आठवत असतील. मॅट्रिकचा निकाल लागला की पहिले काम नाव नोंदविण्याचे. पदवी मिळाली की कार्डावर शैक्षणिक पात्रता वाढवून घ्यावयाची. नूतनीकरणाची तारीख चुकली की ज्येष्ठता गेली. घरातील वडीलधारी माणसे त्या तारखेची आठवण सणावारासारखी ठेवीत. ‘कॉल’ येण्याची वाट पाहण्यात विशी सरे, कधी तिशीही. त्या कार्यालयांतही पैसे चालत नव्हते असे कोण म्हणेल? पण पैसे देणे तेथे गुन्हा होते, ते देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. न्यायालयांनी १९८७ साली आणि पुन्हा ऑगस्ट १९९६ मध्ये या प्रश्नात लक्ष घातले. दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ कार्यालयाने पाठविलेल्या नावांचाच विचार न करता वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन इतर उमेदवारांनाही संधी द्यावी. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु रांगेचे महत्त्व त्या दिवसापासून ओसरले, हेही खरे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कार्यालयांचे नाव ‘करिअर सेंटर’ असे झाले आहे.

रांग ओसरली तेव्हाच गिरण्याही ओसरत होत्या. गावात उरले यंत्रमाग आणि बिड्या. बिडीविषयी येथे दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. सोलापुरातील हजारो स्त्रिया घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. १९६६ च्या कायद्याने व १९७६ च्या कल्याण निधीने त्यांना ओळख दिली, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती दिली. २००६ साली कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत त्यांना घरे मिळाली. हुतात्मा एक्स्प्रेसमधल्या पाकिटांपैकी कित्येक पाकिटांचे शुल्क या सुपावर जमलेले असते. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, एकाच जिल्ह्यापुरते असलेले. पदव्या घराजवळ आल्या, पण कामे मात्र आली नाहीत. ती चाकण, हिंजवडी आणि रांजणगाव येथे गेली, आणि त्यांच्यामागून मुले.

आता आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून वरील इतिहास लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या परिचयातील एक मुलगा, बी.एस्सी. झालेला, रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सूचनाफलकासमोर उभा होता. फलकावर विवाहाच्या घोषणांशेजारी पुण्यातील एका एजन्सीचे पत्रक लावलेले होते. ते पत्रक आम्हीच लावले होते. एका सद्गृहस्थाने ‘आपल्या मुलांच्या उपयोगी पडेल’ म्हणून ते दिले, आणि आम्ही चार टाचण्या टोचून मोकळे झालो. मुलाने पत्ता उतरवून घेतला. नोंदणीचे पाचशे, मुलाखतीच्या तयारीचे दीड हजार, आणि निवड झाल्यावर पहिल्या महिन्याच्या वेतनाइतकी रक्कम असा हिशेब होता. पहिल्या दोन रकमा आईने दिल्या, तिसरी त्याने मित्राकडून उसनी घेतली. नोकरी खरोखरच लागली, खोटे का सांगावे? एका मोठ्या कारखान्यात तो दररोज जाऊ लागला. परंतु त्याच्या वेतनचिठ्ठीवर त्या कारखान्याचे नाव नव्हते, एजन्सीचेही नव्हते, तिसऱ्याच कोणा पुरवठादाराचे होते. सातव्या महिन्यात ‘प्रकल्प संपला’ असा फोनवर संदेश आला. तो कारखान्यात गेला तर सांगण्यात आले, तुम्ही आमचे कामगार नव्हतात. पुरवठादाराकडे गेला तर सांगण्यात आले, भरती एजन्सीने केली. एजन्सीच्या मजल्यावर आता शिवणक्लास होता.

जॉबर निदान त्याच गल्लीत राहात असे.

कायद्याच्या दृष्टीने यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराला परवाना घेणे आवश्यक केले होते. परंतु कंत्राट पद्धती रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली दिला. हुतात्मा एक्स्प्रेस सुरू झाली तेच हे साल. गाडी आणि निकाल यांचा अर्थात काही संबंध नाही, पण सोलापूरच्या मुलाच्या आयुष्यात दोन्ही एकदमच आले. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणी सक्तीची केली, आणि पुढे नियमांनी त्याच्या शुल्काला कमाल मर्यादा घातली. सोलापूरहून दुबईस जाणाऱ्याला मिळालेले हे संरक्षण सोलापूरहून चाकणला जाणाऱ्याच्या वाट्याला आले नाही.

हे अशक्य होते म्हणून झाले नाही, असे कोणी म्हणू नये. याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून दाखविला. मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत ओझी वाहणाऱ्या हमालांना टोळीवाला मुकादम काम देई आणि त्यांच्या मजुरीतून वाटा कापून घेई. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर मंडळे स्थापन झाली. मालकाची नोंदणी मंडळाकडे, हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळात भरावयाची आणि वर लेव्ही मालकाने द्यावयाची. मधला माणूस कायद्याने नाहीसा झाला, निदान कागदावरून तरी. अक्षरओळख नसलेल्या हमालाला जे मिळाले, ते पदवीधराला मिळालेले नाही. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने सरकारी कामांसाठी बाह्य यंत्रणेद्वारे मनुष्यबळ घेण्याकरिता नऊ एजन्सी नेमण्याचा निर्णय काढला. विद्यार्थ्यांत व विरोधी पक्षांत मोठा असंतोष उसळला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. सेवायोजन कार्यालय चालविणाऱ्या शासनालाच एजन्सीची गरज भासली, याहून त्या रांगेच्या अवस्थेवर अधिक बोलके भाष्य कोणते?

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा वाद जुना आहे. १९२० साली जिनोव्हा येथील परिषदेत खलाशांना काम मिळवून देण्याबद्दल शुल्क घेण्यास मनाई करणारा करार झाला. आपल्या समाजाच्या दृष्टीने या कराराला वेगळे महत्त्व आहे, कारण मुंबई बंदरातून जहाजांवर चढणाऱ्या खलाशांत, विशेषतः स्वयंपाकी व खानसामे यांच्यांत, गोव्याचे कॅथलिक फार मोठ्या संख्येने होते. जहाजावर जागा मिळवून देणारे दलाल त्यांच्याकडून पैसे उकळीत. आणि तरीही त्या गोवेकरांनी धोबी तलावच्या परिसरात एक वेगळी संस्था उभी केली होती, ती म्हणजे ‘कूड’. प्रत्येक गावाचे कूड निराळे. थोडक्या भाड्यात पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीशी वेदी, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची रोझरी. बेकार खलाशाला तेथे उधारीवर राहता येई. कोणत्या जहाजावर जागा आहे, कोणता दलाल लबाड आहे, ही माहिती रोझरी संपल्यावर गप्पांतून फुकट मिळे. कूडाने दलालाला हटविले नाही, पण दलालापुढे माणूस एकटा उभा राहात नव्हता. सोलापूरचे आमचे धर्मग्राम असे कूड कधीच झाले नाही. आम्ही केले ते एवढेच, की धर्मगुरूंचे शिफारसपत्र आणि फलकावरचे पत्रक दिले.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात मालक व कामगार यांच्या कर्तव्यांचा विचार केला. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९८१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली. कामगाराशी जो करार करतो तो प्रत्यक्ष मालक. परंतु त्या कराराच्या अटी ज्या संस्था, जे कायदे, जी व्यवस्था ठरविते, तीही मालकच होय आणि तिच्यावरही नैतिक जबाबदारी असते. आमच्या त्या मुलाला तीन दारांवरून ‘तुम्ही आमचे नव्हे’ असे सांगण्यात आले, तेव्हा या कल्पनेचा अर्थ आम्हांस पहिल्यांदा नीट उमगला. आणि त्या व्यवस्थेत एक लहानसा फलकही येतो, चार टाचण्याही येतात.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो आणि सर्वांना सारखी मजुरी का, यावरच वाद घालतो. आमचे लक्ष अलीकडे दुसऱ्याच तपशिलाकडे गेले. मळ्याचा धनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा बाजारात जातो आणि प्रत्येक वेळी स्वतः जातो. त्याच्याकडे कारभारी आहे, पण त्याचे नाव दाखल्यात येते ते मजुरी वाटण्याच्या वेळी. माणसे बोलावण्याचे काम धन्याने दुसऱ्या कोणावर सोपविलेले नाही. दिवस मावळत आला तरी चौकात उभे असलेले लोक त्याला कारण सांगतात, ते एवढेच की त्यांना कोणी कामाला लावले नाही.

घरकामासाठी मुली पुरविणाऱ्या एजन्सींच्या बाबतीत ख्रिस्तसभेतील काहींनी हे आधीच ओळखले होते. सिस्टर जीन देव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने १९८५ साली घरकामगार स्त्रियांची चळवळ सुरू केली. झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी मुलींना दिल्ली-मुंबईस नेणाऱ्या दलालांचा प्रश्न त्या चळवळीने सातत्याने पुढे आणला. छत्तीसगडने २०१३ साली खाजगी प्लेसमेंट एजन्सींच्या नियमनासाठी कायदाही केला. पदवीधर मुलगा आणि आदिवासी मुलगी यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. पावती देताना मात्र दोघांनाही एकच शब्द ऐकावयास मिळतो : ‘प्रोसेसिंग’. दस्तुरीला मिळालेला हा नवा प्रतिशब्द.

कर्मवीर भाऊराव पाटलांची १९१९ साली स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था ‘कमवा आणि शिका’ या वाटेने गेली, तिचाही उल्लेख करावयास हवा. तेथे काम देणारी आणि शिकविणारी संस्था एकच होती. मध्ये कोणी नव्हते, म्हणून दस्तुरीही नव्हती. ती योजना आज अनेक विद्यापीठांत चालते. तिच्यातून गरीब विद्यार्थ्याचा शिक्षणाचा खर्च काही अंशी निघतो, मात्र शिक्षणानंतरच्या नोकरीचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. २०२४ साली राज्य शासनाने आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचेही तसेच झाले. विद्यावेतन मिळाले, मुदत संपली, आणि मुले पुन्हा हुतात्माच्या डब्यात येऊन बसली.

तो मुलगा परवा पुन्हा भेटला. या वेळी त्याच्याजवळ आखाती देशातील नोकरीचे पत्रक होते. आम्ही त्याच्यासोबत बसून पत्रकावरील नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत शोधला. क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच राज्यातील दुसऱ्याच संस्थेचा होता. तो काही बोलला नाही. पत्रकाची घडी घालून त्याने खिशात ठेवली आणि विचारले की, फलकावरचे ते जुने पत्रक तुम्ही कधी काढले. आम्ही खरे ते सांगितले. ते आम्ही काढले नव्हते. पावसाळ्यात ते आपोआप गळून पडले होते.

त्यानंतर युवक मंडळाने एक वही घातली आहे. पहिल्या पानावर त्याच मुलाच्या अक्षरात स्तंभ आखलेले आहेत : तारीख, एजन्सीचे नाव, पत्ता, घेतलेली रक्कम, पावती मिळाली की नाही, सांगितलेले काम, मिळालेले काम, वेतनचिठ्ठीवरील नाव. वही मिस्सानंतर फलकाखालच्या टेबलावर ठेवलेली असते. पहिली नोंद त्याची आहे, आणि ‘पत्ता कोणी दिला’ हा स्तंभ आखावयाचा राहून गेला होता म्हणून तो आम्ही शेवटी आमच्या हाताने आखून त्यात आमचे नाव लिहिले आहे.